खाली युवराज, वर फिरंगोजी

विट्याहून खानापूर ओलांडलं तेव्हा ऊन चांगलंच तापलं होतं. एप्रिलात बाणूरगडाला कोण जातं, म्हणून घरच्यांनी वेड्यात काढलं होतं. पण मला एप्रिलच हवा होता. १६७९ च्या एप्रिलात हा गड, म्हणजे तेव्हाचा भूपाळगड, मोगल सरदार दिलेरखानाने महाराजांकडून घेतला, आणि त्याच्या फौजेत होते एकवीस वर्षांचे संभाजीराजे.

गाडी थेट वर जाते, कारण गडावर गावच वसलंय. घाम गाळायच्या हौसेनं येणाऱ्यांची निराशा होते. महादेवाच्या देवळाला पाया पडून बहिर्जी नाइकांच्या समाधीपाशी आलो, तर सावलीला एक आजोबा बसलेले.

"कुटनं आला पावणं? समाधी बगायला व्हय?"

"फिरंगोजींचा गड बघायला आलोय, आजोबा."

"मग बसा की."

फिरंगोजी नरसाळा. १६६० साली चाकणच्या छोट्याशा भुईकोटात शाइस्तेखानाला जवळजवळ दोन महिने रोखणारा किल्लेदार. कोट पडल्यावर खानाने चाकरी देऊ केली, ती यांनी नाकारली. पुढे महाराजांनी हा गड त्यांच्या हवाली केला. या सगळ्या गोष्टीत बाजू न बदललेला माणूस शोधायचा तर हाच.

बाकीच्यांचा हिशेब लावताना डोकं गरगरतं. १६६५ ला पुरंदरचा तह झाला, आठ वर्षांचे संभाजीराजे मोगलांचे पंचहजारी मनसबदार झाले. त्याच मोहिमेत शिवाजी महाराज मोगलांचे सेनापती मिर्झाराजे जयसिंग आणि दिलेरखानाबरोबर विजापूरवर चालून गेले. महाराजांचे सरनौबत नेताजी पालकर तेव्हाच फुटून आधी विजापूरला, मग मोगलांना मिळाले. आणि डिसेंबर १६७८ मध्ये युवराज सज्जनगडाहून निघाले, माहुलीच्या संगमावर स्नानाचं निमित्त केलं, ते दिलेरखानाच्या छावणीत. पुढच्याच वर्षी खान विजापूरवर गेला, तर आदिलशाहीच्या मदतीला धावली महाराजांचीच फौज! चौदा वर्षांत सगळा पट उलटा.

इथे मोगलांनी जवळच्या टेकडीवर तोफा चढवल्या आणि तट फोडला. तटाच्या कडेला उभं राहिलं की भोवतीची टेकाडं अगदी हाताशी वाटतात.

आजोबांनी नेहमीची गोष्ट सांगितली. समोर युवराज दिसले म्हणून फिरंगोजींचा हात तोफेला धजेना. ही कथा गडावर येणाऱ्या सगळ्यांना आवडते. मला मात्र ती जरा जास्तच सोयीची वाटते. तिच्यात कुणाचाच दोष उरत नाही. आणि ती सांगताना लोक पुढचं गाळतात: गड पडल्यावर हाती लागलेल्या सातशे जणांचा एकेक हात तोडला गेला. सातशे! त्यातले कितीतरी या माणदेशी माळरानावरच्या घरांतलेच असणार. त्यांनी पुढे नांगर कसा धरला असेल, हे काही मला सुचेना.

मी वहीत हे टिपून घेत होतो. आजोबांनी वाकून पाहिलं, वाचता येत होतं की नाही कोण जाणे.

"हात तोडल्यालं लिवलं?"

"लिहिलं."

"मग वरीस सरायच्या आत लेकरू खानाच्या तावडीतनं निसटून पन्हाळ्याला बापाकडं माघारी आलं, त्ये बी लिवा."

लिहिलं.