पुड्यावरचे ७५ आणि ७५

भाची सुट्टीला आली आहे आमच्याकडे. अकरावी सायन्स. आल्या दिवशीच रात्री जेवताना म्हणाली, मावशी मला केमिस्ट्रीतला मोल काही केल्या कळत नाही गं, सरांनी फॉर्म्युला दिलाय, वजन भागिले मोलर मास, उत्तरही बरोबर येतं, पण ते जे आलं ते नक्की काय आलं तेच समजत नाही. मला तिचं हे बोलणं फार आवडलं. उत्तर जुळलं की वही मिटणारी पोरं जास्त असतात.

मी मेडिकलमध्ये फार्मासिस्ट आहे, सतरा वर्षं झाली आता. शिकवायची सवय नाही पण मोल कशाला लागतो ते मला रोज हातात दिसतं, म्हणून दुसऱ्या दिवशी दुकानातून येताना ओआरएसचा, म्हणजे जुलाबात पाण्यात कालवून पाजतात त्या मीठ-ग्लुकोजच्या पावडरचा, एक मोठा पुडा घेऊन आले, एक लिटरवाला, आणि तिच्यापुढे ठेवला. म्हणलं मागची बाजू वाच.

तिनं वाचलं. सोडियम क्लोराईड म्हणजे आपलं मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराईड १.५ आणि सोडियम सायट्रेट २.९. सगळं मिळून साडेवीस ग्रॅम. आणि खाली दुसरा तक्ता, एका लिटरमध्ये काय किती मिलिमोल, म्हणजे मोलचा हजारावा भाग: सोडियम ७५, ग्लुकोज ७५, क्लोराईड ६५, पोटॅशियम २०, सायट्रेट १०. म्हणलं आता मला सांग, मीठ अडीच ग्रॅम आणि ग्लुकोज साडेतेरा ग्रॅम, पाचपट फरक आहे, मग खाली दोघांच्या पुढे ७५ च कसं काय?

ती गप्प. मग मी तिला आजोबांच्या दुकानाचं सांगितलं, म्हणजे माझ्या वडिलांचं हार्डवेअरचं दुकान. गिऱ्हाईक यायचं, पाचशे खिळे द्या म्हणायचं, पाचशे खिळे कोण मोजत बसणार, बाबांना शंभर दोन इंची खिळे किती भरतात ते पाठ होतं, एक इंचीचे किती तेही पाठ, ते सरळ काट्यावर ओतायचे आणि वजनावरून नग द्यायचे. मोल म्हणजे हेच आहे, दुसरं काही नाही. अणू इतके बारीक की मोजता येत नाहीत, मग काट्यावर टाकायचे आणि वजनावरून नग काढायचे. जसा डझन म्हणजे १२ तसा एक मोल म्हणजे ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात इतके नग, एवढंच. आणि कुठल्या जातीचे इतके नग किती ग्रॅम भरतात ते सांगणारा आकडा म्हणजे अणुवस्तुमान. सोडियम २३, क्लोरीन ३५.५, कार्बन १२, ऑक्सिजन १६, हायड्रोजन १.

मग लाईट बिलाच्या पाठीमागे हिशोब चालू झाला. ग्लुकोजमध्ये सहा कार्बन, बारा हायड्रोजन, सहा ऑक्सिजन, ७२ अधिक १२ अधिक ९६, झाले १८०. साडेतेराला १८० नं भागलं, ०.०७५. तिचा चेहरा एकदम खुलला, मावशी ७५ मिलिमोल! मग मीठ, २३ अधिक ३५.५ म्हणजे ५८.५, २.६ ला त्यानं भागलं तर आले ४४. पडला चेहरा. चुकलं म्हणाली. म्हणलं चुकलं नाही, सोडियम अजून कशात आहे ते बघ. मग तिनं सायट्रेट पकडलं, त्याचं वस्तुमान २९४ मी सांगितलं, २.९ भागिले २९४ म्हणजे १० ला थोडं कमी, आणि त्याच्या एकेका रेणूत सोडियम तीन, म्हणजे तीस धरा. ४४ आणि ३०, झाले ७४. एक कमी आला तो पुड्यावर ग्रॅम राऊंड करून छापतात म्हणून. मग क्लोराईडचे ६५ तिनं न विचारता स्वतःच काढले, मिठातले ४४ आणि पोटॅशियम क्लोराईडमधले २०, इथंही एकाचा फरक राऊंड करण्याचाच.

आता खरी गोष्ट, जी मला तिला सांगायची होती ती. हे ७५ आणि ७५ उगाच जुळवलेले नाहीत. आपल्या लहान आतड्याच्या पेशींवर प्रोटीनचं एक दार असतं, त्यातून सोडियम आणि ग्लुकोज जोडीनंच आत जातात, आणि ते आत गेले की त्यांच्यामागून पाणी जातं. रॉबर्ट क्रेन या शास्त्रज्ञांनी १९६० मध्ये ही जोडीची कल्पना मांडली. कॉलऱ्यात आतड्यातून पाणी नुसतं बाहेर ओतत असतं, पण हे दार तेव्हाही चालू राहतं, म्हणून नुसतं पाणी पाजून जे होत नाही ते मीठ-ग्लुकोजच्या पाण्यानं होतं. त्या दाराला ग्रॅम कळत नाहीत. त्याला नग कळतात. मला अजूनही हे आठवलं की अंगावर काटा येतो, कारण १९७१ ला बांगलादेशच्या युद्धात पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासितांच्या छावणीत कॉलरा पसरला, सलाईनच्या बाटल्या संपल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खायचा सोडा आणि ग्लुकोज मोजून मिसळून पाण्यात कालवलं, ड्रम भरून ठेवले आणि आजाऱ्यांच्या नातेवाईकांनाच पाजायला लावलं. तीस टक्क्यांपर्यंत पोचलेले मृत्यू चार टक्क्यांच्या खाली आले. २०२३ ला त्यांना पद्मविभूषण मिळालं, मरणोत्तर. त्यांचं नाव आमच्या दुकानात येणाऱ्या शंभरातल्या एकालाही माहीत नसेल आणि पुडा मात्र प्रत्येकाच्या घरी.

तर भाचीचा पुढचा प्रश्न. बाकी सगळे आकडे पूर्ण, मग क्लोरीनच ३५.५ का, अर्धा अणू असतो का? चांगला प्रश्न आहे हा. क्लोरीनचे अणू दोन प्रकारचे, एक ३५ वजनाचा आणि एक ३७ चा, निसर्गात चारातले साधारण तीन ३५ चे आणि एक ३७ चा. तीन पस्तीसं १०५, त्यात ३७ मिळवले १४२, भागिले चार, ३५.५. म्हणजे ३५.५ वजनाचा क्लोरीनचा अणू जगात एकही नाही, ती सरासरी आहे, बाबांच्या काट्यावर दोन जातीचे खिळे मिसळून आले असते तर जशी आली असती तशी.

आणि इथंच डाल्टन येतो. जॉन डाल्टन, अणुसिद्धांत मांडणारा, इंग्लंडमधला विणकराचा मुलगा, बाराव्या वर्षी शाळेत शिकवायला लागला, मँचेस्टरमध्ये आयुष्य काढलं. एका मूलद्रव्याचे सगळे अणू सारखे, वजनानंही सारखे, असं तो म्हणायचा. ते क्लोरीननं खोटं पाडलं, पण त्याच्या नंतर शंभरएक वर्षांनी, फ्रेडरिक सॉडी या शास्त्रज्ञांनी १९१३ मध्ये अशा एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंना समस्थानिक (आयसोटोप) हा शब्द दिला तेव्हा कुठं. पण मला डाल्टनची दुसरी चूक जास्त महत्त्वाची वाटते. त्याच्याकडं वजनं होती, पाण्यात हायड्रोजनच्या एका भागाला ऑक्सिजनचे सात-आठ भाग, पण पाण्याच्या एका कणात किती हायड्रोजन आणि किती ऑक्सिजन हे कळायला त्याच्याकडं काहीच साधन नव्हतं, म्हणून त्यानं सगळ्यात सोपं धरलं, एकास एक. त्यामुळं १८०८ च्या त्याच्या पुस्तकात ऑक्सिजनचं वजन ७ आहे, १६ नाही. पोत्याचं वजन माहीत पण पोत्यात नग किती ते माहीत नाही, अशी अडचण. अवोगाद्रो या इटालियन शास्त्रज्ञानं १८११ ला वायूंच्या आकारमानावरून नग कसे धरायचे ते सांगितलं, लोकांनी पन्नास वर्षं ऐकलं नाही, १८६० मध्ये जर्मनीतल्या कार्ल्सरूहच्या परिषदेत त्याच्याच देशातले कॅनिझारो यांनी ते परत सगळ्यांपुढं मांडलं तेव्हा वजनं हळूहळू जाग्यावर आली. भाचीला मी हेच म्हणलं की ज्या गोष्टीला मोठमोठ्या लोकांना पन्नास वर्षं लागली ती तुला एका तासात कळली नाही तर रडायचं कारण नाही.

एक मध्येच सांगते, ती यूट्यूबवर हिंदीतून लेक्चरं बघते आणि त्यानं अजून गोंधळ झाला होता. आपल्याकडं अणू आणि रेणू. हिंदीत परमाणु आणि अणु. म्हणजे हिंदीतला अणु हा आपला रेणू. नववीत द्रव्याचे मोजमाप या धड्यात शिकलेला अणू एक आणि व्हिडिओतला अणु दुसराच, पोरगी काय करणार? तुमच्या घरातलं कोणी हिंदीतून बघत असेल तर एवढं पहिल्यांदा सांगून ठेवा, खरंच.

आता संहती, म्हणजे कॉन्सन्ट्रेशन. हे मी पुस्तकातून नाही शिकले, दुकानात शिकले. काही वर्षांपूर्वी एक ताई आल्या, दोन वर्षांच्या मुलाला जुलाब होत होते, सकाळीच पुडा नेलेला, संध्याकाळी परत आल्या, म्हणे बाळ पीतच नाही हो, तोंड वाकडं करतंय, दुसऱ्या चवीचं द्या. मी सहज विचारलं कशात कालवलं. म्हणाल्या, फुलपात्रात. अख्खा पुडा, एका फुलपात्रात. माझ्या पोटात गोळा आला. लिटरचा पुडा २०० मिलीत टाकला की सगळं पाचपट. एरवी लिटरला सगळे कण मिळून २४५ मिलिमोल, ते होतात सव्वाबाराशे, आणि आपल्या रक्तात असतात २९० च्या आसपास. कणांच्या हिशोबात ते समुद्राच्या पाण्यापेक्षाही दाट. असं पाणी आतड्यात गेलं की शरीरात पाणी शिरायच्या ऐवजी उलट शरीरातलं पाणी आतड्यात ओढलं जातं, शिवाय रक्तातलं सोडियम वाढतं ते वेगळंच, आणि बाळ आधीच सुकलेलं. नशीब की त्या लेकरानं ते प्यायलं नाही. मी त्यांना तसंच डॉक्टरांकडे पाठवलं, बाळ बरं झालं, नंतर कडेवर घेऊन दाखवायला आल्या होत्या. पण मला त्या रात्री झोप लागली नाही कारण पुडा मीच दिला होता आणि किती पाण्यात ते मी सांगितलं नव्हतं. तेव्हापासून प्रत्येक पुड्यावर मार्करनं लिहून देते, १ लिटर, आणि तोंडानं सांगते, पाण्याची बाटली लिटरची असते ना, तिच्यात. २०० मिलीचे छोटे पुडेही मिळतात, त्यानं गोंधळ अजून वाढतो, म्हणून छोट्यावर वेगळं लिहिते, १ ग्लास.

आणि जास्त ग्लुकोज म्हणजे जास्त ताकद असंही नाही. जुन्या ओआरएसमध्ये ग्लुकोज २० ग्रॅम होतं, सगळे कण मिळून ३११, रक्तापेक्षा थोडे जास्तच. २००२ पासून जागतिक आरोग्य संघटनेनं ते उतरवून २४५ वर आणलं आणि त्यानं मुलांचे जुलाब आणि उलट्या कमी झाल्या, सलाईन लावायची वेळही कमी आली. म्हणजे बाहेरून कुणाला फरकही कळणार नाही एवढाच बदल.

काल संध्याकाळी भाचीनं स्वतःहून विचारलं, पुडा नसेल तर घरी करतात ते कसं? सांगितलं, एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा. पुडा मिळत असेल तर पुडाच चांगला कारण घरच्यात पोटॅशियम नाही. ती उठली, स्वयंपाकघरातून डिजिटल काटा आणला, केकसाठी घेतलेला, सहा चमचे साखर वाटीत टाकली, २५ ग्रॅम. मग साखरेचं सूत्र विचारलं, बेरीज केली, ३४२. भागाकार करून म्हणाली, मावशी, ७३ आले. मग जरा थांबून, पण ही तर साखर आहे, ग्लुकोज कुठंय? म्हणलं साखरेचा एक रेणू पोटात फुटला की एक ग्लुकोज आणि एक फ्रुक्टोज. परत कागदाकडं बघितलं तिनं. म्हणजे ग्लुकोजपण ७३ च, म्हणाली, आणि पेन घेऊन मिठाकडं वळली.