पिट्सबर्ग : नकाशावर दहा मिनिटं, पायाखाली डोंगर

अमेरिकेतल्या पिट्सबर्गला जाणार असाल तर सगळ्यात आधी एक गोष्ट मनाशी पक्की करा. फोनवरचा नकाशा दोन ठिकाणांमध्ये किती मिनिटं दाखवतो, त्यावर इथे काडीचाही विश्वास ठेवायचा नाही. आम्हाला ज्या ज्या माहीतगारांनी सल्ला दिला, त्या सगळ्यांनी ‘छोटं शहर आहे, पायी फिरून होतं’ असं सांगितलं होतं. शहर छोटं आहे, पण ते उभं आहे. अलेगेनी आणि मोनोंगहेला या दोन नद्या डाउनटाउनच्या टोकाशी मिळतात आणि तिथून ओहायो नदी सुरू होते. नद्यांच्या काठाला सपाट जमिनीची जेमतेम एक पट्टी, आणि तिच्या मागे लगेच टेकड्यांचा कडा. ती पट्टी पोलादाच्या गिरण्यांनी आणि रेल्वेने अडवली, त्यामुळे कामगारांनी घरं बांधली ती चढावर. कामावर जायला-यायला पायऱ्या झाल्या. आज शहरात सातशेहून जास्त सार्वजनिक जिने आहेत आणि त्यातल्या कित्येकांना रस्त्याचा दर्जा आहे. म्हणजे नाव आहे, पाटी आहे, काही ठिकाणी दोन्ही बाजूंना घरंही आहेत, फक्त गाडी जात नाही.

नकाशावर हा जिना आणि साधी गल्ली एकाच करड्या रेघेने दाखवलेली असते. सगळा घोटाळा इथेच होतो. आमचा मुक्काम साउथ साइडला कार्सन स्ट्रीटजवळ होता, तो भाग तळहातासारखा सपाट. टेकडीवरच्या एका ठिकाणी जेवायला जायचं ठरलं, नकाशाने बारा मिनिटं दाखवली. पायस स्ट्रीटपर्यंत आलो तेव्हाच धाप लागली होती, आणि तिथून यार्ड वे नावाची जी ‘गल्ली’ घ्यायची होती ती म्हणजे टेकडीच्या पोटात घुसत वर गेलेल्या काँक्रीटच्या पायऱ्या. मी सिंहगड नेहमी चढतो, राजगडाच्या चोरदरवाज्यानेही गेलोय, त्यामुळे चढाची तक्रार नाही. चिडलो ते पायऱ्यांच्या अवस्थेवर. पायऱ्यांची उंची सारखी नाही. कडा झिजून गोल झालेल्या. पुढे एका जिन्यावर काँक्रीट इतकं फुटलं होतं की आतली गंजकी सळई सरळ बाहेर आलेली, आणि कठड्याचा लोखंडी पाइप हात लावला की हलत होता. वरून आदल्या रात्रीचा पाऊस आणि कुजलेली पानं. रस्त्याचे दिवे फार लांब लांब.

मध्ये एका चौथऱ्यावर एक आजीबाई किराणाच्या दोन पिशव्या पायाशी ठेवून उभ्या होत्या. दर आठवड्याला इथूनच सामान नेते, म्हणाल्या. त्यांच्या घराला दुसरी वाटच नाही. आम्ही कुठे निघालोय ते ऐकून त्यांनी सांगितलं की वरचा टप्पा बंद केलेला आहे, परत फिरा. वर जाऊन पाहिलं तर खरंच आडवा अडसर लावलेला होता. नकाशात मात्र तो जिना शाबूत. उतरून, वळसा घालून, मोटारीच्या रस्त्याने पोचेपर्यंत तासावर वेळ गेला आणि त्या रस्त्याला बऱ्याच ठिकाणी पदपथ नव्हता.

तर माझा सल्ला असा. जिने चुकवू नका, या शहरात पाहण्यासारखं सगळ्यात अस्सल तेच आहे. पण दिवसाउजेडी जा, कोरड्या हवेत जा, आणि जाताना वरून खाली या. वर जायला बस किंवा इन्क्लाइन, म्हणजे डोंगरावर दोरावर ओढली जाणारी डब्यांची गाडी, घ्या. गुडघे दुखत असतील तर उतरणंही टाळा, कारण उतारावर त्या झिजलेल्या कडा जास्त दगा देतात. तळव्याला पकड असलेले बूट हवेतच, पांढऱ्या सपाट तळाच्या कॅनव्हास बुटांत माझ्या बायकोचा पाय दोनदा सटकला. पाणी आणि स्वच्छतागृह खालीच उरकून घ्या, वर नुसती वस्ती आहे. आणि स्थानिक माणूस ‘तिथून जाऊ नका’ म्हणाला की फोन खिशात ठेवून त्याचं ऐका.

बीचव्ह्यू भागातल्या कँटन अ‍ॅव्हेन्यूबद्दलही सगळे सांगतील. 37 टक्के चढ, म्हणजे आडव्या शंभर मीटरला 37 मीटर वर, अमेरिकेतल्या सगळ्यात तीव्र चढाच्या रस्त्यांत त्याची गणना होते. दगडी फरसबंदी आहे. ट्रामच्या रेड लाइनने बीचव्ह्यूत उतरून चालत जाता येतं. भाड्याची गाडी तिथे घालू नका. रस्ता लांबीला अगदी लहान आहे, पाच मिनिटांत पाहून होतो. त्यासाठी अर्धा दिवस घालवण्यासारखं काही नाही.

मोनोंगहेला इन्क्लाइन 1870 ची आणि ड्यूकेन इन्क्लाइन 1877 ची, दोन्ही चालू आहेत. संध्याकाळी ड्यूकेनला रांग लागते. मोनोंगहेलाने वर जा, ग्रँडव्ह्यू अ‍ॅव्हेन्यूवरून नद्यांकडे बघत चालत पलीकडे या आणि ड्यूकेनने उतरा. तो वरचा रस्ता सपाट आहे आणि दृश्य उत्तमच आहे, त्यावर जास्त लिहीत नाही.

आता पैशांचं. रविवारी नॉर्थ शोरला चित्रकार अँडी वॉरहॉलचं संग्रहालय बघायला गाडीने गेलो. त्या दिवशी तिथल्याच स्टेडियममध्ये अमेरिकन फुटबॉलचा सामना होता, हे आम्हाला हॉटेलातही कुणी सांगितलं नाही. एका खासगी मोकळ्या पार्किंगमध्ये माणसाने हात दाखवून आत घेतलं आणि मग साठ डॉलर मागितले, तेही रोख. मागे गाड्यांची रांग, वळायला जागा नाही. द्यावेच लागले. ही शुद्ध लुबाडणूक आहे, आणि त्याहून चीड याची आली की त्या भागात जायला एक पैसाही लागत नाही. डाउनटाउनपासून नॉर्थ शोरपर्यंत ‘टी’ नावाची शहराची रेल्वे फुकट आहे, अलेगेनी नदीच्या तळाखालून जाते. सामन्याचं वेळापत्रक आधी बघा, गाडी डाउनटाउनच्या पलीकडच्या अंगाला एखाद्या बंदिस्त पार्किंगमध्ये लावा आणि रेल्वेत बसा. शहरात दोनच दिवस असाल तर गाडी घेऊच नका. विमानतळावरून 28 एक्स ही बस डाउनटाउन आणि पिट्सबर्गच्याच ओकलंड भागात येते, भाडं पावणेतीन डॉलर.

इतकं सगळं सोसून जावं का? जावं, आणि ते केरी फर्नेस या जुन्या लोखंडाच्या भट्ट्यांसाठी. आमच्या सगळ्या प्रवासातली सर्वांत मोठी गोष्ट तीच. रँकिन गावाजवळ मोनोंगहेलाच्या काठी 6 आणि 7 क्रमांकाच्या दोन झोतभट्ट्या 92 फूट उंच उभ्या आहेत, 1907 साली बांधलेल्या. केरीत 1884 पासून 1982 पर्यंत लोखंड वितळवलं गेलं आणि ते वितळलेलंच, तापलेलं, रेल्वेच्या डब्यांतून पुलावरून नदीपलीकडे होमस्टेडच्या पोलाद कारखान्यात जायचं. भट्टीच्या पायथ्याशी जिथून लोखंड बाहेर काढायचे तिथे आज उभं राहता येतं. वाळूच्या चराला मी हात लावला. वर बघितलं की पाइपांची जाडी बघूनच छाती दडपते. आमचे मार्गदर्शक सांगत होते की माणसं इथे लाकडी तळाचे जोडे घालून उभी राहायची. मला तिथून हलवेना. कारखाना ओस पडल्यावर काही कलाकारांनी चोरून आत येऊन भंगाराच्या तारा-नळ्यांचं हरणाचं भलंमोठं मुंडकं बनवलं, तेही अजून तिथेच आहे.

आपल्या माणसांनी ही भट्टी बघायला आणखी एक कारण आहे. जमशेटजी टाटा 1902 मध्ये पोलादाचा अभ्यास करायला अमेरिकेत आले तेव्हा पिट्सबर्गला येऊन ज्युलियन केनेडी या अभियंत्याला भेटले. केनेडी पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगीच्या कारखान्यांत वाढलेला माणूस. त्यानेच चार्ल्स पेज पेरिन या अभियंत्याचं नाव सुचवलं आणि पुढे साकचीचा, म्हणजे जमशेदपूरचा कारखाना याच लोकांच्या हातून उभा राहिला. टाटांची पोलाद कंपनी मुंबईत नोंदली गेली ते सालही 1907.

केरीत असंच घुसता येत नाही. साधारण मे ते ऑक्टोबर मार्गदर्शकाबरोबर फेऱ्या असतात, तिकीट आधी काढा, पायाची बोटं झाकणारे बूट बंधनकारक. आणि इथेही नकाशा फसवतो. होमस्टेडच्या काठावरून भट्ट्या समोरच दिसतात, मधला जुना पूलही दिसतो, पण तो लोकांसाठी खुला नाही. रँकिन ब्रिजवरून वळसा घ्यावा लागतो. अर्धा तास हाताशी ठेवून निघा.

होमस्टेडला फार वेळ देऊ नका. 6 जुलै 1892 ला इथे संपकरी कामगार आणि कार्नेगीचा कारभारी फ्रिक याने बोलावलेले पिंकर्टन या खासगी संस्थेचे सुमारे तीनशे रखवालदार यांच्यात गोळीबार झाला, दोन्हीकडची माणसं मेली. 1986 ला कारखाना बंद झाला. त्या जागेवर आज मॉल आहे, बारा धुराडी तेवढी ओळीने ठेवलीत. नदीकाठचं जुनं पंप हाउस बघा आणि निघा. मला तिथे वाईट वाटलं. त्यापेक्षा ब्रॅडॉकला जा. तिथला एडगर थॉमसन कारखाना 1875 पासून आजही चालू आहे, फाटकाबाहेरून दिसतो, आणि अमेरिकेतलं कार्नेगीचं पहिलं वाचनालय त्याच गावात आहे. दमा असेल तर या खोऱ्यात सकाळी जाऊ नका. हवा थंड असली की धूर दरीत कोंडतो आणि सडक्या अंड्यांसारखा वास येतो. याच नदीकाठच्या डोनोरा गावात 1948 साली अशाच कोंडलेल्या धुराने वीस माणसं गेली होती.

बाकीचं सोपं आहे. ओकलंडचं 42 मजली कॅथीड्रल ऑफ लर्निंग, म्हणजे विद्यापीठाची इमारत, त्यातली नालंदाच्या धर्तीवरची भारतीय खोली. सुट्टीच्या दिवशी जा, एरवी वर्ग चालू असतात. पेन हिल्सचं वेंकटेश्वर मंदिर 1976 चं, तिथे गाडीनेच जावं लागतं, प्रसादाचा दहीभात खाऊन या.

डिसेंबर ते फेब्रुवारी मात्र जाऊ नका. केरी बंद, आणि बर्फाचा थर बसलेल्या त्या जिन्यांवर तर मी माझ्या शत्रूलाही पाठवणार नाही. ऑक्टोबर उत्तम. त्या सुमाराला साउथ साइड स्लोप्समध्ये स्टेपट्रेक असतो, वस्तीतले लोकच जिन्यांची वाट आखून देतात. ती तारीख साधली तर नकाशा उघडायची गरजच पडत नाही.