रातची लाइन अन् थर्मासातला चहा

रब्बीत हरभरा-गव्हाच्या ओलिताचे दिवस आले की आमच्या गावात चहापत्तीचा खप एकदम वाढतो. कारण शेतीची लाइन, म्हणजे वीज, रातची असते. एक आठवडा दिवसाची, एक आठवडा रातची, मंग मोटर चालू करायला निघायचं म्हणजे थर्मास भरूनच निघायचं, दहाला एक कप, बाराला एक, अन् अडीच वाजता थंडीनं दात वाजायला लागले की उरलासुरला. मोठे बाबा म्हणतात, "चहा पेल्याशिवाय आंगात ताकदच येत नाही बापा."

इथंच माझं त्यांच्याशी जमत नाही. ताकद जी काय थोडीफार येते ती साखरेची अन् दुधाची. कॅफिन फक्त थकवा कळू देत नाही. आपण जागे असतो तितका वेळ डोक्यात अ‍ॅडिनोसिन नावाचं रसायन साचत जाते, ते मेंदूतल्या ठरलेल्या जागांवर बसलं की मेंदूला समजते का बा आता झोपायला पाहिजे. कॅफिनची घडण थोडी त्याच्यासारखीच, म्हणून ते आधी जाऊन त्या जागा अडवून ठेवते, एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून सीट धरतात ना, तसं. अ‍ॅडिनोसिन काही गाडीतून उतरत नाही, ते उभं राहते, गर्दी वाढत राहते, अन् कॅफिन उतरलं की सगळे एकदमच बसतात. पहाटे बांधावर बसल्या बसल्या डुलकी येते ती ही. रातच्या वावरात डुलकी म्हणजे काय, ते साप-विंचू अन् उघड्या वायरी पाहिलेल्याला सांगायची गरज नाही.

दुसरं म्हणजे, कॅफिन चढते लवकर पण उतरते सावकाश. अर्ध्या-पाऊण तासात रक्तात पूर्ण चढते, अन् मोठ्या माणसात निम्मं व्हायला साधारण ५ तास लागतात. म्हणजे अडीच वाजताच्या कपातलं निम्मं सकाळी साडेसातलाही अंगात असते. लाइन गेल्यावर माणूस घरी येऊन आडवा होतो अन् म्हणतो का झोपच लागून नाही राहिली! निघताना एक घ्या, मोटर सुरू झाली की एक घ्या, बारानंतर थर्मासाचं झाकण उघडूच नका, एवढंच माझं म्हणणं. बिडी-सिगारेटवाल्याचं लिव्हर कॅफिन लवकर निपटवते, म्हणून त्याला चहा "लागतच नाही" अन् तो कपावर कप मागतो. गरोदर बाईचं उलटं, तिच्या अंगात तेच कॅफिन कितीतरी जास्त वेळ राहते, म्हणून तिला दिवसाला २०० मिलिग्रॅमच्या आत राहायला सांगतात. बाकी धडधाकट माणसासाठी आयसीएमआरनं (देशाची वैद्यकीय संशोधन परिषद) २०२४ च्या आहार-सूचनांत ३०० ची हद्द सांगितली आहे, अन् १५० मिली चहात ३० ते ६५ मिलिग्रॅम धरले आहेत. टपरीचा कट तेवढा नसतो हे खरं, पण आमच्याकडं दिवसभरात कप मोजतो कोण.

पण मला जास्त काळजी कापूस वेचणीच्या बायांची वाटते. सकाळी चहा-पोळी खाऊन वावरात, दुपारी शिदोरी सोडली की लगेच पुन्हा चहा. इथं दोष कॅफिनचा नाही, चहातल्या टॅनिन नावाच्या तुरट द्रव्याचा. पालेभाजी, डाळ, ज्वारी यातलं लोह ते पोटातच धरून ठेवते, रक्तात पुरतं जाऊ देत नाही. आधीच अंगात रक्त कमी, त्यात आशाताईनं दिलेली लोहाची गोळीही काही जणी चहाच्या घोटासोबत गिळतात! जेवणाच्या आधी अन् नंतर एक-एक तास चहा नको, हे त्याच सूचनांत लिहिलेलं आहे. शिदोरीत लिंबाची फोड ठेवली तर लोह अंगी लागायला उलट फायदा होते.

पोट्टे तर चहा पीतच नाहीत, त्यांना किराणा दुकानातली एनर्जी ड्रिंकची लाल-पिवळी बाटली पाहिजे. नियमानं त्यात लिटरला ३०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफिन चालते, म्हणजे पाव लिटरात ७५. लहान मुलांसाठी नाही असं बारीक अक्षरात छापलेलं असते, अन् सहावी-सातवीतली पोरं क्रिकेट खेळून आली की तीच पितात.

अन् हरतालिकेचं डोकं. निर्जळा उपास, दुपारपर्यंत मोठ्या आईचं कपाळ ठणकायला लागते, घरातले म्हणतात उपासानं, शेजारीण म्हणते नजर लागली. भूक-तहान आहेच, पण रोजचा चहा तुटला की डोक्यातल्या रक्तवाहिन्या फुगतात अन् १२ ते २४ तासांत डोकं धरते. दुखायच्या काही गोळ्यांत कॅफिन घातलेलंच असते, म्हणून गोळीनं पटकन बरं वाटते. हळूहळू कप कमी केले तर त्रास होत नाही, म्हणून तिला म्हटलं की आठवडाभर आधीपासून एक-एक कप सोडत जा.

तर म्हणे, "उपासाच्या आंधीच उपास कायले करू रे?"