पॅकेट हरवलं तर बघतं कोण?

आपण फोटो पाठवतो तो अख्खाच्या अख्खा पलीकडे जात नाही, त्याचे साधारण १५०० बाइटचे तुकडे, म्हणजे पॅकेट, होतात, प्रत्येकावर कुठून आलं नि कुठे जायचंय एवढं लिहिलेलं असतं आणि मधले राउटर ते वाचून पुढे ढकलतात, बस. नीट पोचलं का, क्रमाने पोचलं का, याच्याशी आयपीला, म्हणजे पत्ता बघून पॅकेट पुढे ढकलायच्या या नियमांना, काही घेणंदेणं नाही. गर्दी झाली तर राउटर पॅकेट सरळ टाकून देतो, सांगत पण नाही बहुतेक वेळा.

मग फोटो धड दिसतो कसा? ती सगळी उस्तवार टीसीपीची, म्हणजे डेटा नीट पोचवायच्या नियमांची, आणि टीसीपी चालतं फक्त दोन टोकांच्या मशीनवर. आधी सिन, मग सिन-अ‍ॅक, मग अ‍ॅक, म्हणजे 'बोलायचंय', 'मिळालं, मीही तयार', 'मिळालं', एवढी ओळखपाळख झाली की डेटा सुरू. प्रत्येक बाइटला नंबर असतो, पलीकडचा म्हणतो इथपर्यंत मिळालं आता पुढचं दे, आणि मधलाच तुकडा गळाला तर तेच अ‍ॅक परत परत पाठवत बसतो, असं तीनदा झालं की पाठवणारा समजून जातो आणि तो तुकडा पुन्हा पाठवतो. वायरशार्क (नेटवर्कवरची पॅकेट दाखवणारं सॉफ्टवेअर) लावून बघा, काळ्या पट्ट्यांवर 'टीसीपी ड्युप अ‍ॅक' दिसतं, म्हणजे तेच परत परत आलेलं उत्तर, मी तर बघतच बसतो.

पण खरी गंमत १९८६ ची. ऑक्टोबरमध्ये अमेरिकेतली लॉरेन्स बर्कली लॅब ते बर्कली विद्यापीठ, अंतर फक्त ४०० यार्ड, आणि स्पीड सेकंदाला ३२ हजार बिटवरून डायरेक्ट ४० बिटवर! उत्तर येईना म्हणून जो तो पॅकेट परत पाठवतोय आणि त्यानेच गर्दी आणखी वाढतेय, एसटीच्या दारात सगळे एकदम घुसल्यावर होतं तसं. नेटवर्कवर काम करणारे व्हॅन जेकबसन आणि माइक कॅरल्स यांनी राउटरला हात न लावता टोकाच्या मशीनमधलाच कोड बदलला: सुरुवात थोड्या पॅकेटने करा, अ‍ॅक येतील तसं वाढवा, एखादं हरवलं की लगेच हात आखडता घ्या. १९८८ मध्ये जेकबसनने त्यावर पेपर लिहिला.

म्हणजे बघा, इंटरनेट तुंबत नाही ते बरंचसं आपापल्या मशीनच्या समजूतदारपणावर. कोणी कोड बदलून हावरटपणा करायचं ठरवलं तर मधला साधा राउटर त्याला अडवेलच असं नाही. क्विक, म्हणजे टीसीपीऐवजी वापरता येणारा नवा प्रोटोकॉल, तर यूडीपीवर, म्हणजे पोचण्याची हमी न देणाऱ्या साध्या पद्धतीवर, चालतं, पण गर्दीत माघार घ्यायचं काम त्यालाही स्वतःच करावं लागतं.