बडोद्याचे स्पिटफायर: मार्क ६ च्या कामाची नोंद

या आठवड्यात दोन्ही पंखांची टोके एकदाची बसली, आणि जूनपासून टेबलावर पसरलेल्या या स्पिटफायरच्या, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश लढाऊ विमानाच्या, प्लास्टिक मॉडेलला प्रथमच मार्क ६ (त्या विमानाची एक आवृत्ती) म्हणावेसे वाटले. एअरफिक्स या मॉडेल बनवणाऱ्या कंपनीच्या १/७२ प्रमाणातल्या मार्क ५बी च्या किटमधून हे रूपांतर चालले आहे. सगळी मेहनत खरे तर सात मिलिमीटरांची आहे. मार्क ५ चा पंखविस्तार ३६ फूट १० इंच होता, मार्क ६ चा ४० फूट २ इंच. दोन्ही आकडे ७२ ने भागले की १५६ मिलिमीटरचे १७० होतात, म्हणजे प्रत्येक बाजूला सात मिलिमीटर वाढवायचे. तेवढ्यासाठी मी टोकांची जोडी तीनदा कापली आणि दोनदा फेकून दिली.

स्पिटफायर म्हटले की लंबवर्तुळाकार पंख डोळ्यांपुढे येतो. मार्क ६ मध्ये तोच पंख टोकाशी ओढून निमुळता केलेला असल्यामुळे विमान किंचित बेढब दिसते, आणि हौशी मंडळी सहसा त्याच्या वाटेला जात नाहीत. मी गेलो त्याला कारण बडोदे. ब्रिटिश हवाई दलाचे १२४ क्रमांकाचे स्क्वाड्रन मे १९४१ मध्ये स्कॉटलंडच्या उत्तर टोकाजवळ कॅसलटाउन येथे पुन्हा उभे राहिले, आणि बडोदे संस्थानाने युद्धासाठी दिलेल्या देणगीमुळे त्याच्या नावात ‘बडोदा’ हा शब्द आला. त्या काळी पाच हजार पौंडांची देणगी म्हणजे एक स्पिटफायर असा हिशेब लावला जाई. निजामाच्या देणग्यांमुळे हैदराबादचे नावही अशाच स्क्वाड्रनांना मिळाले. १९४२ च्या उन्हाळ्यात १२४ कडे मार्क ६ आले. हे विमान वापरणारी स्क्वाड्रने मोजकीच होती आणि बनलेली विमाने जेमतेम शंभर, त्यामुळे आमच्या शहराचे नाव नेमक्या या दुर्लक्षित प्रकाराला चिकटले आहे.

हे सारे मला चाळिशी उलटल्यावर कळले. सातवीत असताना मामांनी मुंबईहून स्पिटफायरचे एक किट आणले होते. दांडिया बाजारातल्या जुन्या घराच्या माळ्यावर बसून मी ते दोन दिवसांत चिकटवून टाकले. कॅनॉपीवर, म्हणजे वैमानिकाच्या डोक्यावरच्या पारदर्शक झाकणावर, प्लास्टिक चिकटवायच्या सिमेंटचा अंगठा उमटला तो कायमचाच. आजोबा संस्थानाच्या नोकरीत कारकून होते. त्यांनी ते विमान हातात घेऊन फिरवले, “अरे, हे आपल्या महाराजांच्या पैशाचे विमान,” असे म्हणाले, आणि कित्त्याच्या बारीक टाकाने त्याच्या नाकावर बाळबोध अक्षरांत ‘बडोदे’ असे लिहून दिले. खोक्यावरच्या चित्रात तसे काही नव्हते. आजोबांना विमानांतले काय कळते, असा विचार करून मी दुसऱ्याच दिवशी दाढीच्या अर्ध्या पात्याने ते खरवडून काढले. ‘दे’ ची मात्रा तेवढी अजून दिसते.

मार्क ६ कशासाठी जन्मला, हे समजल्याशिवाय त्याचे रूपांतर नीट करता येत नाही, असा माझा अनुभव आहे. जर्मनांचे युंकर्स ८६ हे दाबयुक्त केबिनचे विमान बारा हजार मीटरच्या वर उडत असे आणि नेहमीची लढाऊ विमाने तिथवर धापा टाकत पोहोचत. त्यावर उपाय म्हणून स्पिटफायरला लांब पंख, चार पात्यांचा पंखा, मर्लिन ४७ इंजिन आणि हवा भरलेली केबिन देण्यात आली. केबिनमधला दाब बाहेरच्यापेक्षा दर चौरस इंचाला दोन पौंड जास्त असे, आणि तेवढ्याने चाळीस हजार फुटांवर असलेल्या वैमानिकाला अठ्ठावीस हजार फुटांवर असल्यासारखे वाटे. म्हणजे सगळा खटाटोप करून बिचारा जवळपास एव्हरेस्टच्या माथ्यावरच बसलेला. शिवाय दाब टिकवण्यासाठी कॅनॉपी उड्डाणापूर्वी बाहेरून घट्ट बसवून टाकत. ती हवेत मागे सरकवता येत नसे, संकटात फक्त फेकून देता येई. वैमानिकांना हे आवडले नाही यात नवल ते काय! पुढे १२ सप्टेंबर १९४२ रोजी साउदॅम्प्टनवर युंकर्सला सुमारे ४३ हजार फुटांवर गाठले ते वजन उतरवून हलक्या केलेल्या मार्क ९ ने. त्याच्या मर्लिन ६१ इंजिनात हवा दाबून भरणारा दोन टप्प्यांचा सुपरचार्जर विरळ हवेत लांब पंखांपेक्षा अधिक उपयोगी ठरला.

या इतिहासातून कामाची यादी आपोआप निघते. कॅनॉपी सरकत नाही, म्हणून तिच्यासाठी बाजूंना असलेले रूळ घासून सपाट केले. डाव्या बाजूचे दार मार्क ६ ला नव्हते, म्हणून त्याची रेघ वितळवलेल्या स्प्रूने (किटचे भाग ज्या प्लास्टिकच्या काड्यांना जोडलेले येतात त्यांनी) भरली. उजवीकडे धुराड्यांच्या खाली केबिनसाठी हवा घेणारे छोटे तोंड असते. ते स्प्रूच्या तुकड्यातून कोरले आणि त्यात अर्धा दिवस गेला. चार पात्यांचा पंखा उरलेल्या सुट्या भागांच्या डब्यात मिळाला, कारण जुना मार्क ९ मी उडत्या अवस्थेत, पंख्याच्या जागी पारदर्शक चकती लावून बनवला होता. मर्लिन ४७ च्या सुपरचार्जरला एकच टप्पा असल्यामुळे नाकाची लांबी बदलावी लागली नाही, ही मोठीच सुटका. कॅनॉपी बंदच ठेवायची असल्याने कॉकपिटमध्ये पट्टे आणि आसन एवढ्यावर भागवले. माझ्यासारख्या आळशाला मार्क ६ मानवतो तो इथे.

टोकांचे मात्र सविस्तर सांगितले पाहिजे, कारण माझी चूक दुसऱ्या कोणाच्या उपयोगी पडेल. खऱ्या स्पिटफायरची टोके सुटी निघत असत, तेव्हा किटचा पंखही त्याच सांध्यावर कापावा. पहिल्या खेपेला मी दीड मिलिमीटरच्या एकाच स्टायरिन प्लास्टिकच्या पट्टीतून टोक काढले. ते घासताना इतके पातळ झाले की वाकले. दुसऱ्या खेपेला सांधा फेविक्विकने जोडला. वाळलेले फेविक्विक प्लास्टिकपेक्षा कठीण असल्यामुळे पॉलिश पेपर फिरवला की दोन्ही बाजूंचे प्लास्टिक झिजते आणि सांध्यावर उंचवटा राहतो, हे मला ठाऊक असूनही घाई नडली. तिसऱ्या खेपेला एक मिलिमीटरचे दोन थर पातळ सिमेंटने एकमेकांवर चिकटवले, पाच दिवस हात लावला नाही, मग चार्जरच्या जुन्या वायरीतली तांब्याची तार खुंटीसारखी आत घालून पंखाला जोडले. आता नखाने चाचपले तरी सांधा लागत नाही. टोकांवरचे दिवे, डावीकडे लाल आणि उजवीकडे हिरवा, रंगाच्या एकेका थेंबाने शेवटी होतील.

रंगकाम थांबले आहे ते पावसामुळे. श्रावणात मी हट्टाने प्रायमर मारला आणि पंखाखाली दुधासारखा पांढुरका थर आला. हवेतला ओलावा लॅकरमध्ये अडकला की असे होते. नळीत पाणी साचून एअरब्रशने, म्हणजे रंग फवारायच्या पेनाने, थेंब थुंकले ते वेगळेच. शिवाय ज्वलनशील इनॅमल रंगांची पार्सले विमानाने पाठवत नाहीत, त्यामुळे विमानाचा रंग मालगाडीच्या गतीने येतो. १९४२ च्या मध्यातली योजना ठरलेली आहे: वर गर्द हिरवा आणि ओशन ग्रे, खाली मीडियम सी ग्रे, पंखांच्या पुढच्या कडेला बाहेरच्या अंगास पिवळी पट्टी, आणि शेपटीपुढे फिकट हिरवट ‘स्काय’ रंगाचा १८ इंची पट्टा. हा पट्टा आपल्या मापात ६.३ मिलिमीटर होतो आणि बाजारातली मास्किंग टेप सहाची मिळते, म्हणून दोन टेप एकमेकींवर थोड्या सरकवून लावणार आहे.

चिन्हांसाठी बीआर ५७९ हे विमान निवडले आहे. त्यावर १२४ ची ‘ओएन’ ही अक्षरे आणि पुढे ‘एच’ असे. स्क्वाड्रनच्या बोधचिन्हात चालते मुंगूस आहे आणि त्याखाली ‘संकट हीच आमची संधी’ अशा अर्थाचे इंग्रजी ब्रीद. ते मुंगूस विमानावर रंगवण्याचा मोह झाला होता, पण तिथे ते मला कुठल्याच फोटोत दिसले नाही. तेव्हा ते लाकडी बैठकीवर जाईल. बैठकीवरचे ‘बडोदे’ वडिलांकडून लिहून घेणार आहे, कारण त्यांचे अक्षर अगदी आजोबांच्या वळणाचे आहे. हात थोडा कापतो म्हणून त्यांनी पाटी मोठी मागितली आहे. ती पाच सेंटिमीटरची कापून दिली. दसऱ्यानंतर हवा कोरडी झाली की पहिला थर राखाडी रंगाचा मारेन.