आजींच्या सीटखालचा आवाज

"समोरून वाजतंय," असं मालकाने सांगितलं आणि मी ते खरं मानलं. घोळ तिथेच झाला.

गाडी चौदा वर्षांची, पेट्रोल हॅचबॅक. त्याने दोन महिन्यांपूर्वी जुनीच विकत घेतलेली. मीटरवर फक्त ५८,००० किलोमीटर, म्हणून स्वारी खूश. मी अशा गाड्यांना जरा बिचकूनच असतो. इंजिन कमी पळालेलं असतं हे खरं, पण रबराला किलोमीटर कळत नाहीत, वर्षं कळतात. बुश, माउंटिंग, होजपाइप, टायमिंग बेल्ट सगळं उभ्या गाडीतही म्हातारं होतं. टायरच्या कडेवर तारखेचे चार आकडे असतात. ३२१४ म्हणजे २०१४ सालच्या बत्तिसाव्या आठवड्यातला टायर. या गाडीच्या टायरांची नक्षी शाबूत होती, कडेला मात्र केसाएवढ्या भेगा.

एकट्याने ट्रायल मारली. लहान खड्ड्यांवर पुढून बारीक कटकट आली. लिफ्टवर घेऊन स्टॅबिलायझरच्या (वळणावर गाडी फार झुकू न देणाऱ्या दांड्याच्या) लिंक रॉडला हात लावला तर बॉल जॉइंट ढिला. सापडलं! दोन्ही लिंक बदलल्या, कटकट गेली, गाडी देऊन टाकली.

चार दिवसांनी गाडी परत दारात. "काका, आवाज जसाच्या तसा आहे." मी पुन्हा ट्रायल मारली, काहीच नाही. शेजारी त्याला बसवून फिरलो, तरी नाही. तो ओशाळला, मी वैतागलो. खरं सांगायचं तर मनात आलं, याला कानात वाजतंय.

मागच्या सीटवर त्याची आजी होती, तिला घेऊन तो दवाखान्यातून परस्पर आला होता. आम्ही ट्रायलला गेलो तेवढा वेळ ती गॅरेजच्या बाकावर बसून राहिली. आम्ही आल्यावर म्हणाली, "समोरून कुठलं वाजतंय? माझ्या बुडाखाली वाजतं. मी केव्हाची सांगतेय याला."

मी आजींना मागे बसवलं, शेजारी माझा पोऱ्या बसवला आणि गाडी काढली. पहिल्याच स्पीड ब्रेकरला खालून ठण्ण! लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज. आणि गंमत म्हणजे ड्रायव्हरच्या सीटवर तो खरंच समोरून आल्यासारखा वाटत होता. लोखंड लोखंडाला निरोप पोचवतं. आवाज पत्र्यातून आणि पाइपातून धावत येतो आणि भलत्याच ठिकाणी बाहेर पडतो.

पण लिफ्टवर घेतली तर मागे सगळं ठीक दिसत होतं. सायलेन्सरचा पाइप मागच्या एक्सल बीमच्या, म्हणजे मागच्या दोन चाकांना जोडणाऱ्या आडव्या लोखंडी दांड्याच्या, वरून जातो, मध्ये दोन बोटं सहज जातील एवढी फट. मग डोक्यात प्रकाश पडला. दोन खांबांच्या लिफ्टवर गाडी बॉडीला उचलली जाते, चाकं खाली लोंबतात आणि त्यांच्यासोबत बीमही. म्हणजे मी ज्या फटीकडे बघत होतो ती रस्त्यावर असतच नाही. मागे दोन माणसं बसली की बॉडी खाली दबते, पाइप बीमच्या जवळ येतो, आणि ट्रायलला मी कायम मागची सीट रिकामी ठेवून जात होतो.

बॅटरीचा झोत पाइपाच्या खालच्या अंगाला मारला. सगळीकडे तांबूस गंज, आणि मधोमध नाण्याएवढा एक गोल, घासून चांदीसारखा लखलखणारा. बीमवर बरोबर त्याच्यासमोर त्याचा जोडीदार. पुढे जाऊन पाहिलं तर पाइप टांगणारं रबर अर्धं चिरलेलं, ताणून लांबोडकं झालेलं. पाइप बोटभर खाली आला होता, एवढंच. आधी वरवर बघताना रबर धड दिसलं होतं. पान्याच्या टोकाने पाइप वर उचलला तेव्हा त्याची चीर तोंड मिटल्यासारखी बंद झाली.

सायलेन्सरची सगळी टांगती रबरं बदलली, एकच बदलून उपयोग नसतो, बाकीचीही त्याच वयाची असतात. लिंक ढिल्या होत्याच, म्हणून त्यांचे पैसे ठेवले. मजुरी मात्र परत केली. पोऱ्याला ते पटलं नाही.

आजी आणि पोऱ्याला मागे बसवून पुन्हा तोच स्पीड ब्रेकर, दोनदा. चिडीचूप. गॅरेजमध्ये येऊन गाडी उभी केली, इंजिन चालूच होतं. आजी कान टवकारून म्हणाल्या, "आता पुढे काहीतरी चिवचिवतंय."

मी बॉनेट उघडलं. चिमणीसारखा बारीक आवाज, ताल धरून. फॅन बेल्टच्या आतल्या धारांवर पाण्याचे चार थेंब टाकले. चिवचिव थांबली आणि पाणी उडून गेल्यावर पुन्हा सुरू झाली. बेल्ट घसरत असता तर पाण्याने आवाज वाढला असता. म्हणजे एखादी पुली तिरकी चालत होती.

"पुढच्या वेळी गाडी आणशील तेव्हा," मी नातवाला म्हणालो, "आजींनाही घेऊन ये."