रिकामी गव्हाणी

आमच्या वसईत डिसेंबर उजाडला की घरोघरी नाताळच्या गोठ्याची, म्हणजे येशूजन्माच्या देखाव्याची, तयारी सुरू होते. आईने शिकवल्याप्रमाणे मी टोपलीत नाचणी पेरते, म्हणजे तिचे कोवळे हिरवे गवत नाताळपर्यंत गव्हाणीभोवती मांडता येते. बाळ येशूची मूर्ती ठेवायची गव्हाणी मात्र २४ तारखेच्या मध्यरात्रीच्या मिस्सापर्यंत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेपर्यंत, रिकामीच राहते, आणि ती रिकामी जागा मला फार मोलाची वाटते. केक, कंदील, खरेदी हे सारे आनंदाचेच आहे. पण आगमनकाळाचे, म्हणजे नाताळाआधीच्या वाट पाहण्याच्या काळाचे, चार रविवार प्रार्थनेविना सरले, तर आपण वाट पाहिली तरी कोणाची? म्हणून यंदा आम्ही रोज रात्री मेणबत्तीच्या उजेडात बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाचा, म्हणजे त्याने सांगितलेल्या येशूच्या कथेचा, एकेक अध्याय वाचतो आहोत. अध्याय २४ आहेत, त्यामुळे १ डिसेंबरला आरंभ केला की नेमक्या नाताळच्या आदल्या रात्री येशूच्या पुनरुत्थानाचा अध्याय येतो.